न्हाणीमागची कर्दळ

सांबार म्हणजे कोथिंबीर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिकडच्या वाचकांना मी इडलीबद्दल लिहितोय असं वाटायचं. आमच्या यवतमाळकडे कुणी कोथिंबीर म्हणालं की तो माणूस टीव्हीवर बातम्या देत असावा असं आम्ही समजतो. आणि आमच्या गावात सांबार म्हणजे माझ्या बायकोच्या वाडीतला, हे कित्येक वर्षं कुणी नाकारलं नव्हतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. आयुष्यभर लोकांना ‘पुढे सरका’ म्हणत राहिलो आणि निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा कळलं, की घरात आपल्यालाच तसं म्हणणारं माणूस आहे. आमचं गाव यवतमाळहून बाभुळगावला जाणाऱ्या रस्त्यावर. कपाशी-तुरीचं वावर माझा धाकटा भाऊ बघतो. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी, विहिरीजवळचा एक तुकडा, ज्याला आम्ही वाडी म्हणतो, तो मात्र बायकोचा. सातबारावर नाव माझं आहे, पण त्याला कुणी विचारत नाही.

त्या तुकड्यात ती पालक लावायची, चवळी लावायची, पण तिचा जीव सांबारात. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करणं, उंच वाफे घालणं, पावसाळ्यात वरून तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा मांडव घालणं. भर श्रावणात सगळ्यांचा सांबार सडायचा आणि हिचा उभा असायचा. मी नोकरीत असताना आणि नंतरही माझं काम एकच. पहाटे ती जुडी बांधून द्यायची आणि पहिल्या गाडीच्या टायमाला मी ती स्टँडवर न्यायची. स्टँडवर एका काकूंचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि कढई. काकूंचा आलुबोंडा आणि हिवाळ्यातली सांबारवडी खायला यवतमाळची माणसं गाडी थांबवतात, आणि त्या वडीतला सांबार आमचा, हे काकू स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायच्या. हे ऐकून घरी आल्यावर मी तसंच्या तसं बायकोला सांगायचो. ती ‘बरं बरं’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशीची जुडी थोडी जाड व्हायची.

एका सकाळी काकूंनी जुडी घेतली नाही. रागानं नाही, कढईतून नजर न काढता म्हणाल्या, की काही दिवस राहू द्या. मी विचारलं, काहून? तेव्हा त्यांनी सांगितलं, की काल एका गिऱ्हाइकानं बोंडा हातात धरून सगळ्यांदेखत विचारलं, यातला सांबार नालीवरचा तर नाही? त्यानंतर तिथं बसलेल्या दोघांनी बोंडे तसेच ठेवले. काकूंचं पोट त्या कढईवर आहे. जुडी परत घेऊन आलो.

खोटं असतं तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी मागे राहिलेलो नाही, अर्ध्या तिकिटावरून मी मिशावाल्यांना खाली उतरवलेलं आहे. पण पंचाईत अशी, की ते अर्धं खरं होतं. बायकोनं नालीचं पाणी वाफ्याला कधीच घातलं नव्हतं, ती विहिरीचंच पाणी द्यायची. पण गावची नाली आमच्या विहिरीला लागून नाल्यात पडत होती, आणि उन्हाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला होता. आम्ही दोघांनी तो एकमेकांपासून लपवला होता.

ही नाली काही पूर्वापार नव्हती. आमच्या लहानपणी गावात नाली नव्हतीच. घराच्या मागे न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं कर्दळ. कुणाच्या घरी अळू, कुणाच्या घरी एखादी केळ, पण कर्दळ घरोघरी. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्या झाडांत जिरायचं आणि पुढे जायचं नाही. त्या ओल्या सावलीत बेडूक बसलेले असायचे. शहरातून आलेली नवी सून न्हाणीत शिरली की किंचाळायची, आणि सासू बाहेरून सांगायची, की बाई तो घरचाच आहे. मग गावात सिमेंटची नाली आली. आम्हाला सगळ्यांनाच आनंद झाला, चिखल गेला, डास जातील म्हणाले. नालीला जागा पाहिजे म्हणून न्हाणीमागच्या कर्दळी खणून फेकल्या. आता प्रत्येकाच्या घरचं साबणाचं पाणी त्याच्या दारापुढून निघून जायचं, आणि ते जायचं कुठं, हे विचारायची गरज कुणालाच नव्हती. ते आमच्या विहिरीपाशी यायचं. फवारणीच्या दिवसांत लोक पंपही तिथंच धुवायचे. वाहतं पाणी आहे, वाहून जाईल, असा सगळ्यांचा हिशेब. नाल्यातले बेडूक कधी गेले ते कळलंही नाही. आवाज बंद झाल्यावर लगेच कुणाच्या लक्षात येत नाही.

बायको रडली वगैरे नाही. तिनं परत आलेली जुडी शेळीपुढे टाकली. पुढच्या वेळी वाफे निम्मेच घातले, आणि त्यातला सांबार निघाला तेव्हा मला न्यायला सांगितलं नाही. बाभुळगावच्या बाजारात नेला असता तर विकला गेला असता, तिथं कोण ओळखतं. मी तसं सुचवलं. ती म्हणाली, “जे गावाले चालत नाही ते मी दुसऱ्या गावाले चारू? मले झोप येईन काय?” मला त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नव्हतं. तिचा हात रिकामा बघायची मला सवय नव्हती.

त्या हिवाळ्यात यवतमाळच्या कॉलेजातल्या एक मॅडम मुलामुलींचं शिबिर घेऊन गावात आल्या. सुती साडी, पायात बूट, आणि बोलायला लागल्या की थांबत नसत. गावात फिरताना त्या नालीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि नाक न दाबता पाण्यात वाकून बघत होत्या. बायकोला तेवढ्यानंच त्या आवडल्या. तिनं त्यांना चहाला बोलावलं, आणि चहा पिताना मॅडमनी सांगितलं, की हे पाणी झाडांकडून धुऊन घेता येतं.

त्यांनी सांगितलेलं मला जसं समजलं तसं सांगतो. उथळ, लांबट खड्डा खणायचा. तळाला चिकणमाती ठोकून बसवायची, म्हणजे पाणी खाली झिरपून विहिरीत जायचं नाही. वर मोठे दगड, मग गिट्टी, मग बारीक गोटे. त्यात कर्दळ, पाणकणीस, लव्हाळा लावायचा. आधी एका टाक्यात गाळ बसू द्यायचा आणि मग नालीचं पाणी या गोट्यांच्या आतून हळूहळू सरकवायचं. मुळांना धरून डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते घाण खातात. शेवटी एक उघडं डबकं, उतरत्या काठाचं, बेडकांसाठी. बेडूक कशाला, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीतून घेतो. पाण्यात काही वाईट असलं तर त्याला आधी कळतं आणि तोच आधी मरतो. तो राहायला आला तर समजा पाणी सुधारतंय. तरी विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय वाफ्याला लावू नका, आणि डबक्यातलं तर भाजीला लावूच नका, हे त्यांनी बायकोकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आमची सासूबाई म्हणायची, ज्या विहिरीत बेंडूक नाही त्या विहिरीचं पाणी पिऊ नये. बायकोला ते आठवलं आणि तिनं त्या क्षणी मनात ठरवून टाकलं. अडचण जागेची होती. पंचायतीनं जेसीबी द्यायचं कबूल केलं, पोरं खणायला तयार होती, पण नालीच्या तोंडाशी मोकळी जागा एकच, आमची वाडी. निम्मी वाडी जाणार होती. मी सरळ नाही म्हणालो. गावानं घाण सोडायची आणि जागाही आपणच द्यायची, हा कुठला न्याय? मॅडमसमोर मी बराच वेळ तणतणलो.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अर्धी देऊ तं अर्धी वाचन. नाही देऊ तं पुरी गेलीच हाये. तुमी कायले चिल्लावून राह्यले?”

सातबारावर माझं नाव होतं म्हणून सही मी केली.

खड्डा झाला, गोटे आले, यवतमाळच्या रोपवाटिकेतून कर्दळ आली. गावाला मोठी करमणूक झाली. कुणी म्हणालं, यांनी नालीच्या गळ्यात हार घातला. कुणी मला विचारलं, कंडक्टर, उद्घाटनाला कोण येणार? मी म्हणालो, येणारा बेंडूक आहे, त्याला स्टेजवर खुर्ची ठेवा. भावानं मात्र चेष्टा केली नाही. बैलगाडीनं गोटे त्यानंच आणले. त्याचा वहिनीवर फार जीव. आमची आई गेली तेव्हा तो लहान होता, हिनं त्याला वाढवलं. पण हे झाडाबिडाचं प्रकरण त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. वहिनीला पाहिजे म्हणजे पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

पाणकणीस माणसाच्या डोक्याच्या वर गेलं. कर्दळ फुलली, लाल आणि पिवळी. नालीच्या तोंडाशी काळं असलेलं पाणी खालच्या डबक्यात येईपर्यंत चहाच्या फिक्या पाण्यासारखं व्हायचं, आणि नंतर नंतर तेवढंही राहिलं नाही. वास गेला. आणि पावसाळा लागल्यावर एका संध्याकाळी डबक्यातून आवाज आला. बायको भाकरी टाकत होती, तिनं तवा उतरवला आणि तशीच पिठाच्या हातानं वाडीकडे निघाली. मी मागून बॅटरी घेऊन. पिवळेधम्मक मोठे बेडूक गळे फुगवून बसले होते. कुठून आले देव जाणे. काही दिवसांनी उथळ कडेला शेपटीवाली पिल्लं वळवळायला लागली, ज्यांना पुस्तकात बेडूकमासे म्हणतात. कुणीतरी सांगितलं, यात मासोळी सोडा, चार पैसे होतील. मॅडमनी बजावलं होतं, की मासे ती पिल्लं खाऊन टाकतात. बायकोनं त्या माणसाला डबक्याजवळही उभं राहू दिलं नाही.

मॅडमनी विहिरीचं पाणी तपासून आणलं आणि वाफ्याला चालेल म्हणून सांगितलं. बायकोनं पुन्हा धने रगडले. पण सांबार तयार झाला आणि मी जुडी घेऊन स्टँडवर गेलो, तर काकू संकोचल्या. कर्दळ फार छान दिसते म्हणाल्या, आपण स्वतः बघून आलो म्हणाल्या. पण लोकांच्या तोंडी ‘नालीवरचा’ हा शब्द बसला तो बसला, तो काढणार कोण? सांबार त्या आता यवतमाळहून मागवत होत्या. मी तो राग घरापर्यंत आणला नाही, वाटेत पुलावर बसून थोडा उतरवला. बायकोला सांगितलं, की आज काकू भेटल्या नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जुडी पाण्यात ठेवली. पाणी चांगलं झालं होतं, बेडूक आले होते, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिची जुडी घरातच होती.

पोळ्याच्या आधी आम्ही वणीला मुलीकडे गेलो. तिला दिवस गेले होते, आठवडाभर राहून तिला घेऊनच यायचं होतं. भावाला सांगून गेलो, की वाडीकडे लक्ष ठेव.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वावर साफ असणं ही आमच्याकडे अब्रूची गोष्ट आहे. तासात तण दिसलं की येणारा-जाणारा थांबून विचारतो, घरी कुणी आजारी आहे का? माणूस गावाला गेला, दवाखान्यात पडला, तर भाऊबंद न सांगता त्याच्या वावरात डवरे, म्हणजे तिकडचे कोळपे, घालतात, निंदण करून ठेवतात, आणि तो परत आला की त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. यापेक्षा मोठं प्रेम करायची आमची पद्धत नाही.

आम्ही परतलो तेव्हा भाऊ वाडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, उभा होता, चेहरा फुललेला. मी समोर बघितलं. पाणकणीस पिवळं पडून वाकलं होतं. लव्हाळा जळून गेला होता. कर्दळीची पानं कडेपासून तपकिरी झालेली. पोळा तोंडावर आणि वहिनीच्या वाडीत एवढं तण माजलेलं, हे त्याला बघवलं नव्हतं. कर्दळ लावलेली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ती वाचवून, बाकीच्यावर त्यानं स्वतःच्या पंपानं, स्वतःच्या खर्चानं तणनाशक मारलं होतं. वाऱ्यानं कर्दळीलाही लागलं, त्याबद्दल त्याला थोडं वाईट वाटत होतं. डबक्याच्या कडेचं गवतही त्यानं सोडलं नव्हतं. डबक्यात शेपटीवाली पिल्लं पोटं वर करून तरंगत होती, आणि दगडांपाशी मोठे बेडूक पडलेले होते.

मी भावाला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगी मध्ये पडली नसती तर हातही उचलला असता. आपण काय केलं हे त्याला माझ्या शिव्यांतून हळूहळू समजत होतं, आणि समजलं तसा तो डबक्याच्या काठावर खाली बसला. बायकोनं एक बेडूक उचलून तळहातावर घेतला. मग ती भावाकडे वळली. मला वाटलं, आता ही फुटणार. पण ती म्हणाली, “जेवला काय रे तू? घरी चाल.”

त्या रात्री तो आमच्याकडे जेवला नाही. तिनंही काही खाल्लं नाही.

मॅडम लगेच आल्या. नालीचं तोंड काही काळ बंद करून पाणी बाजूनं वळवलं. मेलेलं सगळं काढलं, विहिरीचं पाणी सोडून गोटे पुन्हा पुन्हा धुतले, डबकं उपसून तिथली वरची माती खरवडून दूर नेली. गोटे धुतलेलं ते पाणीही त्यांनी नाल्यात जाऊ दिलं नाही, उघड्या खड्ड्यात उन्हावर ठेवलं. आता थांबायचं, म्हणाल्या, आणि मग नव्यानं लावायचं. पण रोपवाटिकेत कर्दळ संपलेली होती.

तेव्हा भाऊ घरोघर निघाला. माझा हा भाऊ कुणाच्या दारात शब्द टाकायला जाणारा नाही, उसना डवरा मागायचा तर मला पाठवायचा. तो टोपलं घेऊन प्रत्येक घराच्या मागच्या अंगाला गेला आणि बायांना विचारत गेला, की न्हाणीमागं कर्दळीचा एखादा गड्डा राहिला असेल तर द्या. आपण काय केलं तेही प्रत्येक दारात सांगितलं. कुणी विचारलेलं नसताना सांगितलं.

आणि गड्डे निघाले. नालीसाठी खणून फेकलेल्या कर्दळी पुऱ्या मेल्याच नव्हत्या. कुणाच्या शेणखताच्या कडेला उगवल्या होत्या, कुणाच्या तुळशीमागे, कुणी चोरून भिंतीच्या आत लावून ठेवली होती कारण ती सासूच्या हातची होती. ज्या बायांनी आमचा सांबार घेणं सोडलं होतं, त्यांनी कुदळीनं स्वतः खणून गड्डे दिले. आमच्या बौद्ध शेजाऱ्यांच्या आळीतून सगळ्यात मोठा मुडा, म्हणजे गड्ड्यांचा अख्खा झुबका, आला, तो आणायला दोन माणसं लागली. हॉटेलवाल्या काकूंनी कपबशा धुतात त्या पिंपामागची कर्दळ दिली, ठिपक्यांची पिवळी. लावताना बायकोनं प्रत्येकीला विचारून घेतलं, तुझी कुठं लावू? त्यामुळे झालं असं, की पुढे नाल्याकडे येणारी प्रत्येक बाई आपली कर्दळ बघून जायला लागली. माझी फुटली, तिची अजून नाही फुटली, अशी भांडणं व्हायला लागली. फवारणीचे पंप नालीत धुणारा दिसला की बायाच त्याला हाकलायच्या. आमचं काम तेवढं कमी झालं.

पण सांबाराबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, आणि बायको विचारत नव्हती. ती एक वाफा लावायची, घरापुरता.

पुढच्या पावसाळ्यात बेडूक परत आले. थोडे आले, पण आले. भाऊ संध्याकाळी कामावरून घरी जाताना धुऱ्यावर थांबायचा. आवाज आला की मगच पुढे जायचा.

त्या वर्षी पेरण्या झाल्या आणि पावसानं ओढ दिली. कपाशी दोन पानांवर सुकायला लागली. जुन्या माणसांनी धोंडी काढायची ठरवली. आमच्याकडे ही रीत आहे. बेडकाला मुसळाला बांधतात, कडुलिंबाचा पाला लावतात, मुसळ खांद्यावर घेऊन दारोदार फिरवतात. बाया त्याच्यावर पाणी ओततात, धान्य देतात, पावसाला हाका मारतात, आणि जमलेल्या धान्याचं सगळ्यांचं जेवण होतं. बेडकाचं काय होतं ते कुणी विचारत नाही. आता अडचण अशी, की गावच्या शिवारात बेडूक राहिले होते एकाच ठिकाणी, आणि तिथला रस्ता ठाऊक असलेला माणूस म्हणून मंडळींनी भावालाच पाठवलं.

तो घरी आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. “वहिनी, गाव बेंडूक मांगून राह्यलं. मी नाही म्हणू शकत नाही, अन् पकडूही शकत नाही. मायाच्यानं हात नाही लागत त्याले.”

त्याचे डोळे भरले होते. माझ्या जिभेवर गावाबद्दल एक चांगली शिवी आली होती. बायकोनं हात पुसले आणि मंडळी जिथं बसली होती तिथं गेली. सहसा ती पुरुषांच्या बैठकीत जात नाही. तिनं कुणाला दोष दिला नाही, रीत वाईट आहे असंही म्हटलं नाही.

“बेंडकाले दारोदार हिंडवता, त्यापरीस दारंच त्याच्यापाशी आना न,” ती म्हणाली. “पाणी तुमाले त्याच्यावर टाकायचं हाये. त्याच्या घरी येऊन टाका. धान्य आना, तिथंच चूल मांडू.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, असं कधी झालं नाही. दुसरा म्हणाला, नालीत कर्दळ तरी कुठं कधी झाली होती. मग ठरलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव वाडीत होतं. धोंडी न मानणारी घरंही आपापली कर्दळ बघायला म्हणून आली आणि जेवायला थांबली. बायांनी घरून कळशा आणल्या आणि डबक्यात ओतल्या. बेडूक दगडाखालून बाहेर आले नाहीत, त्यांना एवढ्या माणसांची सवय नव्हती. बाभळीखाली तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. वरण शिजवायला अर्थात काकू. त्यांच्यासमोर गावात दुसरं कुणी पळी धरत नाही. पाऊस त्या दिवशी आला नाही, तो नंतर त्याच्या सवडीनं आला.

वरणाला फोडणी पडली, उकळी आली. काकूंनी पळी फिरवता फिरवता विचारलं, सांबार कोणाजवळ आहे? कुणीतरी म्हणालं, आणायचा राहिला. वाफा तिथून दहा हातांवर होता, हिरवागार, सगळ्यांना दिसत होता. बायको पाटावर कांदा चिरत होती, तिनं मान वर केली नाही. ती स्वतःहून देणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. नको म्हटलेलं पुन्हा पुढे करायची तिच्यात हिंमत नव्हती, आणि मला तर तिच्या वतीनं बोलायचीही भीती वाटली.

काकूंनी पळी भावाच्या हातात दिली. चालत वाफ्यापाशी गेल्या, वाकल्या आणि मूठभर सांबार मुळासकट उपटला. बादलीत खळबळून धुतला, माती गेली का ते उन्हात धरून बघितलं, मुळं तोडून टाकली. विळी मागितली नाही. चुलीपाशी उभं राहून त्यांनी तो हातानं तोडून तोडून पातेल्यात टाकला. मग पळी परत घेतली. बायकोचा कांदा चिरून झाला होता, तरी ती पदरानं डोळे पुसत राहिली.

पंगत बसली. मी वरणाची बादली उचलली. वाढायला दुसरे होते, पण माझी जुनी सवय, प्रत्येक सीटपाशी जाऊन बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढत गेलो आणि प्रत्येकाच्या पत्रावळीची कड बघत गेलो. नको असलेलं पान माणूस कडेला काढून ठेवतो. कुणीही काढलं नव्हतं. शेवटी भाऊ बसला होता, त्यानं दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

परत आलो तेव्हा बायको चुलीपाशी माझी वाट बघत होती. मी काय बघत फिरतोय हे तिला कळलं होतं. मी सांगितलं, एकानंही काढला नाही.

तिनं बादली माझ्या हातातून घेतली. “मंग उद्या पहिल्या गाडीच्या टायमाले जुडी घेऊन जाजा,” ती म्हणाली.